बर्गी, गढी आणि खंजिरी : विदर्भातल्या युद्धस्मृतीची पार्श्वभूमी

ऑगस्ट उजाडला की चंद्रपूर, वर्धा आणि अमरावती जिल्ह्यांतल्या काही गावांत १९४२ च्या हुतात्म्यांची आठवण निघते. चिमूर, आष्टी, यावली, बेनोडा. यातल्या तीन गावांच्या नावापुढे आता ‘शहीद’ लागते. फुले वाहिली जातात, भाषणे होतात, पण लोकांना जे पाठ असते ते भाषण नसते, ते भजन असते. वैदर्भीय खेड्याने युद्ध लक्षात ठेवले ते गाण्यात. कादंबरी इथे उशिरा आली, आणि आली तेव्हा तिचे लक्ष बहुतेक दुसरीकडे होते. हे असे का झाले, हे समजण्यासाठी १९४२ च्या मागे दोनशे वर्षे जावे लागते.

सुरुवात आपल्याला न आवडणाऱ्या ठिकाणाहून करायला हवी. १७४१ ते १७५१ या दहा वर्षांत नागपूरकर भोसल्यांच्या फौजा वारंवार बंगालवर चालून गेल्या. पहिल्या रघूजींचे दिवाण भास्करराम कोल्हटकर सुरुवातीच्या स्वाऱ्यांचे नेतृत्व करत होते. १७४४ साली नवाब अलिवर्दीखानाने त्यांना बोलणीसाठी बोलावून मारले. शेवटी १७५१ च्या तहात ओडिशाचा ताबा आणि वर्षाला १२ लाखांची चौथाई भोसल्यांच्या पदरात पडली. आपल्या शालेय इतिहासात हा पराक्रम म्हणून येतो. बंगालमधल्या बायका मात्र आजही एक अंगाईगीत म्हणतात: बाळ निजले, आळी शांत झाली, आणि मुलखात बर्गी आले, धान तर पाखरांनी खाल्ले, आता सारा कुठून भरायचा? हे बर्गी म्हणजे आपलेच बारगीर, सरकारी घोड्यावरचे स्वार, नागपूरहून निघालेले. गंगाराम नावाच्या कवीने त्याच काळात ‘महाराष्ट्र पुराण’ हे बंगाली काव्य लिहिले. घरदार सोडून पळणारे ब्राह्मण, सोनार, विणकर आणि शेतकरी त्यात एकामागून एक येतात.

हे मी मुद्दाम आधी सांगतो आहे. ज्याच्या दारात घोडे येतात त्याचे गाणे होते आणि जो घोड्यावर असतो त्याची बखर होते, हे या एका उदाहरणात स्पष्ट दिसते. पुढच्या साठ-सत्तर वर्षांत पाळी विदर्भातल्या कुणब्यावर आली.

२९ नोव्हेंबर १८०३ रोजी आजच्या अकोला जिल्ह्यातल्या अडगावच्या रानात इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीच्या फौजेने भोसले आणि शिंदे यांच्या सैन्याचा पराभव केला. तिथून इंग्रजी सैन्य मेळघाटाकडे वळले. चिखलदऱ्याजवळचा गाविलगड म्हणजे वऱ्हाडचा दरवाजा. उत्तरेच्या बाजूने डोंगरातून तोफा ओढत आणल्या गेल्या, भिंतीला खिंडार पडले आणि १५ डिसेंबरला किल्ला पडला. किल्लेदार बेनीसिंग लढताना मारला गेला. लगेच दोन दिवसांनी भोसल्यांशी देवगावचा तह झाला आणि ३० डिसेंबरला शिंद्यांशी सुर्जी-अंजनगावचा. हिंदुस्थानचा नकाशा बदलणारे हे दोन्ही करार वऱ्हाडातल्या गावांत झाले. अंजनगाव आज लोकांना माहीत आहे ते पानमळ्यांमुळे.

देवगावच्या तहाने वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख निजामाकडे गेला. दुसऱ्या रघूजींच्या राज्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा गेला, आणि ती तूट उरलेल्या गावांकडून वसूल करायचे ठरले. सारा वाढला, नवे कर बसले. सैन्याचा पगार थकलेला, म्हणून सैन्यच शेतकऱ्याला लुटून पोट भरू लागले. १८०३-०४ चा दुष्काळ वर. आणि याच सुमाराला पेंढारी, म्हणजे टोळीने फिरणारे लुटारू घोडेस्वार, यायला लागले. १८११ मध्ये ते थेट नागपूरपर्यंत पोहोचले आणि शहराच्या कडेची वस्ती त्यांनी जाळली. खेड्याच्या दृष्टीने लढाई संपल्यानंतर खरे युद्ध सुरू झाले ते असे.

गावागावातली गढी या काळाची साक्ष देते. नागपूर राज्यातल्या पुष्कळ गढ्या नेमक्या याच पेंढारी धामधुमीत उभ्या राहिल्या. गढी म्हणजे राजाचा किल्ला नव्हे. गावच्याच पांढऱ्या मातीच्या, पायाशी पाच-सहा हात जाड भिंती, चार कोपऱ्यांना बुरूज, एकच दार, आत विहीर. टेहळणीवरच्या माणसाने धूळ पाहिली की गुरेढोरे, म्हातारी, लेकुरवाळ्या सगळी आत. बाहेर जे राहिले ते गेलेच असे धरून चालायचे. आत लढायचे ते फक्त जिवासाठी. धान्य वाचवायचा दुसरा मार्ग म्हणजे पेव. जमिनीत खोल खड्डा करायचा, आतून कडबा लावायचा, ज्वारी भरायची, तोंड बुजवून वरून जमीन अशी सारखी करायची की परक्याला पत्ता लागू नये. पेव कुठे आहे हे घरातल्या दोघा-तिघांनाच ठाऊक. आज बऱ्याच गढ्यांची माती लोकांनी शेतात खत म्हणून आणि घराला पोतारा म्हणून नेली आहे. पाऊस पडून गेला की उरलेल्या ढिगातून खापरे आणि काचेच्या बांगडीचे तुकडे वर येतात. बांगडीचा तुकडा दिसला की मला गढीच्या आतली ती रात्र डोळ्यासमोर येते. तिथे कोण होते, काय बोलत होते, हे कुठल्याही तहनाम्यात नाही.

कादंबरीचे काम खरे तर इथे सुरू व्हायला हवे होते. मराठीत ऐतिहासिक कादंबरी १८७१ पासून आहे, रा. भि. गुंजीकरांच्या ‘मोचनगड’पासून ती परंपरा मोजतात. पण पहिल्या दिवसापासून तिची नजर सह्याद्रीवर. शिवकाल, मग पेशवाई, मग पानिपत. यात दोष काढण्यासारखे काही नाही. पारतंत्र्यात समाजाला पाठीचा कणा लागतो आणि तो शिवचरित्राने दिला. विदर्भालाही त्या कथेत मानाची जागा आहे, कारण जिजाऊ सिंदखेडराजाच्या. १२ जानेवारीला तिथे लोटणारी गर्दी ज्याने पाहिली त्याला ही कथा लोकांच्या किती आत आहे हे सांगावे लागत नाही. पण लखुजी जाधवांच्या वाड्यातून कथा निघते ती पुण्याकडे जाते आणि परत येत नाही.

गो. नी. दांडेकरांचा जन्म परतवाड्याचा, १९१६ चा. परतवाडा म्हणजे गाविलगडाच्या पायथ्याचे गाव. गडकिल्ल्यांवर त्यांच्याइतके जीव लावणारा लेखक मराठीत विरळा. वऱ्हाडी बोलीत त्यांनी ‘पूर्णामायची लेकरं’सारखी कादंबरी लिहिली, पूर्णेकाठची माणसे जशीच्या तशी उभी केली. ऐतिहासिक कादंबरीसाठी मात्र तेही राजगड-रायगडाच्या वाटेने गेले. आणि गाविलगडाच्या वेढ्यावरची जगभर वाचली गेलेली कादंबरी लिहिली बर्नार्ड कॉर्नवेल या इंग्रज लेखकाने. ‘शार्प्स फोर्ट्रेस’ हे तिचे नाव. बेनीसिंग तिच्यात आहे, भोसल्यांचे भाऊ तिच्यात आहेत, पण नायक वेलस्लीच्या सैन्यातला आहे आणि वाचक खिंडाराच्या बाहेरून किल्ल्याकडे पाहतो. पुस्तक रंजक आहे, लेखकाने अभ्यासही केला आहे. तरी आतून बाहेर पाहणाऱ्याची गोष्ट वेगळी असते, आणि ती सांगण्याचा पहिला हक्क आपला आहे असे मला मनापासून वाटते.

खेडे मात्र कादंबरीची वाट पाहत थांबले नव्हते. पूर्व विदर्भात दंडार होती, भंडारा-नागपूरकडे खडी गंमत होती, ही दोन्ही लोकनाट्ये; गावोगाव शाहीर होते. झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या धानाच्या पट्ट्यात, धान कापून झाले, शंकरपट (बैलांच्या शर्यती) भरला की रात्री नाटक. वडसा आजही त्या मंडळींचे मोठे केंद्र. ऐतिहासिक नाटक तिथे रात्रभर चालते आणि ज्याने शाळेचे पुस्तक मिटून कितीतरी वर्षे झाली तोही पहाटेपर्यंत बसून ऐकतो. पलीकडे गडचिरोलीच्या जंगलात बाबूराव शेडमाके आहेत. मोलमपल्लीच्या या तरुण गोंड जमीनदाराने १८५७-५८ मध्ये इंग्रजांविरुद्ध गोंड तरुणांची फौज उभी केली. २१ ऑक्टोबर १८५८ ला चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, तुरुंगात त्यांना फाशी झाली. फाशी झाली तेव्हा वय अवघे पंचवीस. त्यांच्या कथा गोंडीतून तोंडातोंडी आल्या.

मग दुसरे महायुद्ध. रणांगण दूर ब्रह्मदेशात, आफ्रिकेत; खेड्यात त्याची झळ रॉकेलला, कापडाला, धान्याला. विदर्भात रेशनच्या दुकानाला कंट्रोलचे दुकान म्हणतात ते तेव्हापासूनच. १६ ऑगस्ट १९४२, नागपंचमी. चिमूरमध्ये मिरवणुकीवर गोळीबार झाला. बालाजी रायपूरकर हा कोवळा मुलगा पडला. जमाव खवळला आणि उपविभागीय दंडाधिकाऱ्यासह सरकारची माणसे मारली गेली. त्याच दिवशी आष्टीच्या ठाण्यावर मोर्चा गेला; तिथेही गावकरी पडले, पोलीसही पडले. काही दिवसांत चिमूरला लष्कर उतरले. पुरुष पकडून नेलेले, काही रानात पळालेले, घरात बायका आणि मुले. त्यानंतर तिथल्या स्त्रियांवर झालेल्या अत्याचारांच्या कहाण्या बाहेर येऊ लागल्या. हिंदू महासभेचे नेते डॉ. मुंज्यांनी गावात जाऊन त्या ऐकल्या.

पण बातमी छापता येत नव्हती. युद्धकाळातले कायदे होते, चिमूरच्या बातम्यांवर बंदी होती. सेवाग्राम आश्रमातले प्रा. जयकृष्ण भन्साळी चौकशीच्या मागणीसाठी उपोषणाला बसले. नोव्हेंबर १९४२ पासून १२ जानेवारी १९४३ पर्यंत ६३ दिवस. त्यांच्या उपोषणाची बातमीसुद्धा दाबली गेली, तेव्हा देशभरच्या वृत्तपत्रांनी एक दिवस अंक बंद ठेवून निषेध केला. शेवटी बंदी उठली. ज्यांना फाशीच्या शिक्षा झाल्या होत्या त्यांच्यासाठी नागपूरच्या काँग्रेस नेत्या अनसूयाबाई काळ्यांनी वणवण केली आणि त्या शिक्षा जन्मठेपेवर आल्या.

छापील शब्दाला कुलूप असताना गावांमधून काय फिरत होते? तुकडोजी महाराजांची भजने. यावलीला १९०९ साली जन्मलेला हा माणूस, १९३५ पासून मोझरीला गुरुकुंज आश्रम. हातात खंजिरी: लाकडी कडे, एका बाजूला ताणलेले कातडे, कड्याच्या खाचांत पितळी चकत्या. मोठे वाद्य नाही, बैलगाडी लागत नाही, एका हातात मावते. बोटे कातड्यावर पडली की थाप आणि छनक एकदमच उठते आणि मैदानभर पोहोचते. चिमूर-आष्टीच्या भागात त्यांनी भजनातून सांगितले की झाडे शस्त्रे होतील, दगड बॉम्ब होतील आणि भक्तांचीच सेना होईल. चाल सोपी, शब्द साधी हिंदी, ध्रुवपद दुसऱ्याच फेरीला सगळ्यांच्या तोंडी. जप्त करायला कागद नव्हता. सरकारला हे उमगले तसे २८ ऑगस्टला महाराजांना चंद्रपूरला अटक झाली. नागपूर आणि मग रायपूरच्या तुरुंगातून ते २ डिसेंबरला सुटले. पुढे १९६२ आणि १९६५ च्या युद्धांतही ते सैनिकांना भेटायला सीमेवर गेले, खंजिरी घेऊनच. गावातल्या सायंप्रार्थनेत ४२ ची आठवण अजून जिवंत आहे ती या पठणाच्या शिस्तीमुळे. रोज म्हटलेले विसरत नाही.

याच वर्षांत विदर्भातल्या एका कवीने युद्धाकडे अगदी दुसऱ्या बाजूने पाहिले. मूर्तिजापूरला जन्मलेले आ. रा. देशपांडे, म्हणजे कवी अनिल. जपानच्या आक्रमणाने बेघर झालेल्या चिनी मुलाला उद्देशून त्यांनी मुक्तछंदात ‘निर्वासित चिनी मुलास’ ही दीर्घ कविता लिहिली. ती १९४३ मध्ये आली. ही सहानुभूती हवेतून आलेली नव्हती. १९३८ मध्ये काँग्रेसने चीनला पाच डॉक्टरांचे पथक पाठवले त्यात सोलापूरच्या कोटणीसांबरोबर नागपूरचे डॉ. चोळकर होते. तरी वऱ्हाडातल्या माणसाने, स्वतःच्या घराशेजारी गोळीबार झालेला असताना, हजारो कोसांवरच्या एका पोराला जवळ घ्यावे, ही मला मराठी कवितेतली फार मोठी गोष्ट वाटते. बंगालच्या अंगाईतल्या बाळाकडे आपण कधी असे पाहिले नाही. अनिलांनी त्या दिशेने वाट काढून दिली.

गाण्याची एक मर्यादा आहे आणि ती मान्य करायला हवी. भजन धैर्य देते, शाहीर नाव अमर करतो. पण लष्कर गावात असताना दार लावून बसलेल्या बाईच्या मनात दुसऱ्या दिवशी काय होते, शेजारणीशी ती किती बोलली, किती गिळले, नवरा तुरुंगातून आल्यावर त्याला काय सांगितले, हे ध्रुवपदात मावत नाही. त्याला कादंबरीची ऐसपैस जागा लागते. साहित्य हाताशी आहे: चिमूर-आष्टी खटल्यांचे कागद, भन्साळींच्या उपोषणाचा सगळा इतिहास, त्या काळची भजने, आणि गाविलगडासाठी वेलस्लीचा छापलेला पत्रव्यवहार, जो एकाच बाजूने बोलतो म्हणूनच दुसरी बाजू कुठे शोधायची हे दाखवतो. झाडीपट्टीत, वऱ्हाडीत, गोंडीत लिहिणारी नवी मुले आज आहेत. त्यांच्यापैकी कोणीतरी चिमूरच्या त्या बायकांच्या घरातून ही गोष्ट सांगावी, त्यांच्या बोलीत, आणि लवकर सांगावी.