द्राक्ष, रुद्राक्ष आणि नाशिकचं नाव

हंगामात नाशिकहून त्र्यंबकेश्वरला निघालं की गाड्यांवर द्राक्षं आणि देवळाजवळच्या दुकानांत रुद्राक्षाच्या माळा दिसतात. नावं इतकी सारखी की मूळ एकच असावं असं वाटतं. पण शब्द फोडून बघा. रुद्राक्ष म्हणजे रुद्र अधिक अक्ष, रुद्राचा डोळा. त्यातला ‘द्र’ रुद्राचा आहे. द्राक्ष आलं संस्कृत ‘द्राक्षा’वरून. तिथे रुद्रही नाही आणि डोळाही नाही.

शब्दांचं नातं तोंडावळ्यावरून ठरत नाही, उच्चार कसे बदलत गेले त्यावरून ठरतं. संस्कृतातले मक्षिका, इक्षु, कुक्षि हे शब्द घ्या. हिंदीत ‘क्ष’च्या जागी ‘ख’ आला: मक्खी, ईख, कोख. महाराष्ट्री प्राकृतात ‘च्छ’ झाला: मच्छिआ, उच्छु, कुच्छि. त्या ‘च्छ’चा मराठीत ‘स’ झाला: माशी, ऊस, कूस. (माशीतला ‘श’ पुढच्या ‘ई’मुळे, म्हैस-म्हशीसारखा.) निफाडचा ऊस आणि हिंदीतली ईख यांच्यात एक अक्षर सारखं नाही, तरी ती सख्खी भावंडं! उलट मासा आणि माशी ही जोडी एका घरातली वाटते, पण मासा आला ‘मत्स्य’वरून. ‘त्स्य’चाही प्राकृतात ‘च्छ’च झाला, आणि दोन परके शब्द तिथून एकाच वाटेने चालू लागले. मला यातली शिस्त फार लोभस वाटते. खीर, काख यांच्यासारखे काही शब्द मराठीतही ‘ख’ घेऊन आहेत, कारण शेजारच्या बोली एकमेकींकडून शब्द घेतच असतात.

हीच कसोटी नाशिकला लावू. नऊ शिखरांचं गाव म्हणून ‘नवशिख’ आणि त्यावरून नाशिक, असं बरेच जण सांगतात. पण प्राकृतात दोन स्वरांमधला ‘ख’ एक तर टिकतो किंवा ‘ह’कडे झुकतो (‘लिख्’चं लिहिणं झालं), त्याचा ‘क’ होत नाही. पांडवलेण्यांतल्या चैत्यगृहाच्या दारावर सुमारे २००० वर्षांपूर्वीचा ब्राह्मी लेख आहे. त्यात ‘नासिककानं’ असं स्वच्छ कोरलंय, म्हणजे नाशिककरांचं. त्यात ना ‘व’ आहे, ना ‘ख’. ‘नासिका’शी हे रूप नीट जुळतं. मात्र ते नाक शूर्पणखेचं की एखाद्या डोंगराच्या सुळक्याचं, हे उच्चाराच्या नियमांवरून कळत नाही.