एबीएसचा दिवा येतो-जातो: सेन्सर गेलाय की कपलर सैल आहे?

शोरूममधून गाडी काम करून आणली, पुढच्या चाकाचं बेअरिंग किंवा शॉकर बदलला, आणि दोन-चार दिवसांत मीटरवर पिवळा एबीएसचा (जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लागायला लागला, तोही कधी लागतो कधी नाही. परत नेली की स्कॅनर लावतात, डाव्या पुढच्या चाकाचा दोषाचा कोड येतो, बऱ्याच गाड्यांत सी००३५, आणि अ‍ॅडव्हायझर म्हणतो चाकाचा वेग मोजणारा सेन्सर गेलाय, नवीन टाकावा लागेल. लगेच हो म्हणू नका.

कोडमध्ये सेन्सरचं नाव असतं म्हणून गोंधळ होतो. एबीएसच्या युनिटला फक्त एवढंच कळतं की या चाकाकडून सिग्नल नीट येत नाहीये. मग सेन्सर आतून मेलाय, वायर सोललीय, का कपलरमधली, म्हणजे वायर जोडणाऱ्या प्लगमधली, पिन मागे सरकलीय, हे त्याला कुठून दिसणार? बऱ्याचदा कोड तोच येतो.

सेन्सर खरंच गेला असेल तर दिवा सहसा शिस्तीत लागतो. गाडी सुरू केली, थोडा वेग घेतला की लागला, रोज तसंच. गरम झाल्यावरच दगा देणारे सेन्सरही असतात, पण त्यातही एक ठरलेला क्रम दिसतो. कपलर किंवा वायरचं तसं नसतं, तिथे हालचाल आणि पाणी लागतं. पार्किंगमधून निघताना स्टिअरिंग पूर्ण वळवलं, स्पीडब्रेकर आला, धो धो पाऊस झाला, गाडी धुतली, की दिवा. वाळली की आपोआप बंद. म्हणून आठवडाभर दिवा लागला की तेव्हा काय चाललं होतं ते मोबाईलमध्ये टिपून ठेवा, मेकॅनिकला त्याचा खरंच उपयोग होतो.

आता दुरुस्तीशी याचा संबंध काय ते बघा. सेन्सरची वायर चाकाच्या आतल्या बाजूने वर जाते, बऱ्याच गाड्यांत शॉकरवरच्या ब्रॅकेटला ब्रेकच्या पाईपसोबत क्लिपने अडकवलेली असते, आणि पुढे फेंडरच्या आत कपलर असतो. शॉकर काढायचा तर ती क्लिप सोडावीच लागते. परत बसवताना क्लिप राहिली तर वायर लोंबते, स्टिअरिंग पूर्ण वळलं की ताणली जाते किंवा टायरला घासते. कपलर उघडला असेल तर त्याचं लॉक 'टक्' करून बसायला हवं, अर्धवट बसला की वरून ठीकच दिसतो, पण आत पाणी जातं आणि पिनांवर हिरवट थर धरतो. हे सगळं चाक वळवून, टॉर्च मारून दहा मिनिटांत बघता येतं, आणि पैसे मागायच्या आधी त्यांनी हे बघावं ही अपेक्षा अजिबात जास्त नाही.

खरी फसगत पुढे होते. नवीन सेन्सर टाकताना कपलर काढून परत लावला जातो, म्हणजे दोष कपलरचा असला तरी पिना पुसल्या जातात आणि दिवा जातो! सगळ्यांना वाटतं सेन्सरच खराब होता. मग एखादा जोराचा पाऊस झाला की दिवा परत येतो, आणि म्हणतात, "हा पीसच डिफेक्टिव्ह निघाला."

यातून सुटायला एक चाचणी फार कामाची आहे. डाव्या-उजव्या सेन्सरचा पार्ट नंबर एकच असेल तर दोघांची अदलाबदल करायला सांगा. कोड उजवीकडे गेला तर सेन्सर दोषी, डावीकडेच राहिला तर वायर, कपलर किंवा बेअरिंग. हो, बेअरिंगही, कारण हल्ली कितीतरी गाड्यांत सेन्सर जी चुंबकी रिंग वाचतो ती बेअरिंगच्या सीलमध्येच असते, ती उलटी बसली किंवा तिला मार लागला तर सेन्सर कितीही बदला. नंबर वेगळे असतील तर सरळ रस्त्यावर ट्रायल घेऊन स्कॅनरवर चारही चाकांचा वेग बघायचा. एक आकडा मध्येच शून्यावर पडून लगेच परत येत असेल तर आधी वायर आणि कपलर हलवून बघायला लावा.

आणि कोड उडवायच्या आधी स्क्रीनचा फोटो घ्या. बऱ्याच गाड्यांत कोडबरोबर त्या क्षणाचा वेगसुद्धा साठवलेला असतो, आणि क्लिअर केलं की तोही जातो.

एबीएस, स्टिअरिंग, ट्रॅक्शन असे सगळे दिवे एकदम लागत असतील तर सेन्सर किंवा कपलरच्या मागे न लागता आधी बॅटरीचे टर्मिनल आणि अर्थची वायर घट्ट आहे का बघा, कामासाठी बॅटरी काढली असेल तर हमखास. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसायला हवेत. एकटा पिवळा दिवा असेल तर साधा ब्रेक लागतो, फक्त जोरात दाबल्यावर चाकं लॉक होऊ शकतात, म्हणून ओल्या रस्त्यावर अंतर ठेवून सावकाश चालवा. पण हँडब्रेक पूर्ण खाली असताना लाल ब्रेकचा दिवाही सोबत लागला तर गाडी बाजूला घ्या आणि टोईंगला फोन करा.