चक्कर : कारणे आणि तपासणी

चक्कर हे रोगाचे नाव नव्हे, लक्षण आहे. ‘चक्कर येते’ एवढे सांगणाऱ्या रुग्णाला उठताना अंधारी येत असेल, चालताना तोल जात असेल, किंवा घर गरगर फिरताना दिसत असेल. रुग्णाचे शब्द मात्र पुढच्याच प्रश्नाला बदलतात. म्हणून चक्कर किती वेळ टिकते आणि कशाने सुरू होते, हे विचारणे अधिक उपयोगी ठरते.

अंथरुणात कूस बदलली किंवा फळीवरचा डबा काढायला मान वर केली की खोली फिरते आणि मिनिटभराच्या आत थांबते, ही तक्रार सर्वांत ओळखीची. अंतर्कर्णातले कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म कण जागा सोडून तोल सांभाळणाऱ्या अर्धवर्तुळाकार नलिकांपैकी एकीत, बहुधा मागच्या, शिरतात. डोके हलले की ते घरंगळतात आणि मेंदूला फिरल्याचा खोटा निरोप जातो. १९५२ मध्ये डिक्स आणि हॉलपाइक या डॉक्टरांनी सांगितलेली चाचणी आजही वापरतात : बसलेल्या रुग्णाचे डोके ४५ अंश वळवून त्याला झटकन उताणे निजवायचे, डोके टेबलाच्या कडेखाली थोडे लोंबते ठेवायचे आणि डोळे पाहायचे. काही सेकंद काहीच होत नाही. मग बुबुळे गोल फिरत वरच्या दिशेने झटके देऊ लागतात. या झटक्यांना नेत्रदोलन म्हणतात. डॉ. एप्ली यांच्या पद्धतीने डोके टप्प्याटप्प्याने वळवले की कण मूळ कप्प्यात परततात. गोळ्यांनी ते हलत नाहीत.

तासन्‌तास चालणारी चक्कर, कानात आवाज आणि कमी-जास्त होणारा बहिरेपणा एकत्र आले तर मेनिएर या अंतर्कर्णाच्या विकाराचा विचार करतात. अर्धशिशीमुळेही चक्कर येते, कधी डोके न दुखताही. उठताना अंधारी येणाऱ्याचा रक्तदाब आधी निजवून आणि मग उभे करून ३ मिनिटांत मोजतात. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर कारण तिथेच असू शकते. रक्तदाबाच्या गोळ्या, पंडुरोग, साखर उतरणे आणि हृदयाचे अनियमित ठोकेही तपासावे लागतात. आपल्याकडे मात्र चक्कर म्हटली की पित्त किंवा ‘मानेचा मणका’, आणि लगेच गळ्यात पट्टा. उतारवयात मणक्यांची झीज बहुतेकांच्या एक्स-रेत दिसते. तेवढ्यावरून चक्कर तिच्यामुळेच येते असे ठरत नाही.

दिवसभर न थांबणारी चक्कर तोल सांभाळणाऱ्या नसेच्या दाहाने येते, तशी लहान मेंदूच्या पक्षाघातानेही (स्ट्रोक). अशा वेळी रुग्णाला समोर नजर लावायला सांगून डोके झटक्यात थोडे वळवतात. नस बिघडली असेल तर नजर सुटते आणि क्षणभराने जागेवर येते. सतत गरगरत असूनही नजर ढळली नाही, तर ती चांगली खूण नव्हे. शंका मेंदूवर जाते. नेत्रदोलनाची दिशा बदलणे, एक डोळा दुसऱ्यापेक्षा वर राहणे, जीभ जड होणे किंवा आधाराशिवाय बसताही न येणे, यांनी ती बळावते. पहिल्या दिवशी एमआरआय स्वच्छ आला तरी पक्षाघात नाही असे ठरत नाही.