डबाबंद अन्नाचे जुने कारखाने

अन्न पत्र्याच्या डब्यात भरून, तोंड बंद करून, डब्यासकट शिजवून टिकवणारे कारखाने आणि त्यांच्या इमारती. फ्रान्सच्या निकोला आपेरने ही कृती काचेच्या बरण्यांत साधली. सैन्याला रसद हवी होती, म्हणून सरकारने १८१० मध्ये त्याला १२,००० फ्रँक दिले. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये पीटर ड्युरँडने घेतलेल्या पेटंटात कथिलाचा मुलामा दिलेला पत्र्याचा डबाही होता. ग्वाल्हेरकरांना हे साल परके नाही. दौलतराव शिंद्यांची छावणी पडून ग्वाल्हेरचा 'लष्कर' हा भाग वसला तो याच सुमारास.

या इमारतींचा आकार आतल्या कामाने ठरवला. मासळीचे अनेक कारखाने पाण्यात खांब रोवून उभारत, म्हणजे होडी थेट दाराशी लागे. धुण्या-कापण्याच्या दालनाची जमीन उतरती, कडेने गटार; वाफ कोंडू नये म्हणून छपराच्या कण्यावर उंच झडपा. बॉयलरघर आणि धुराडे वेगळे, कारण स्फोटाची आणि आगीची धास्ती. मासे, मांस, वाटाणे यांत आंबटपणा कमी असल्याने ते दाबाखाली सुमारे १२१ अंश सेल्सियसला तापवावे लागतात, नाहीतर बोट्युलिझमचे जीवघेणे विष तयार होऊ शकते. आंबट फळांना उकळते पाणी पुरते. फळांच्या कारखान्याला दाबाची अवजड पिंपे लागत नाहीत ती यामुळेच. सुरुवातीला डबे हाताने डाग देऊन, म्हणजे वितळलेल्या धातूने सांधून, जोडत. १९०० च्या सुमारास कडा एकमेकींत दुमडणारी दुहेरी शिवण आली आणि डाग देणाऱ्या कारागिरांचे काम गेले. गोदामही प्रशस्त लागे: हंगाम थोड्या दिवसांचा, विक्री मात्र वर्षभर.

कॅनडातील स्टीव्हस्टनचा १८९४ चा सामन माशांचा कारखाना आणि नॉर्वेतील स्टावांगरचा सार्डिन माशांचा कारखाना आज संग्रहालये आहेत. सॅन फ्रान्सिस्कोतील १९०७ च्या फळ-कारखान्यात १९६० च्या दशकात दुकाने आली. विटांच्या भिंती राखून आतली यंत्रे काढली की वास्तू देखणी उरते, पण तिथे काय होत असे ते कळेनासे होते. निदान बॉयलर आणि गटारे तरी जागच्या जागी ठेवायला हवीत.

ग्वाल्हेरचा या विषयाशी संबंध बिस्किटांच्या डब्यातून येतो. सिंधमधील सक्खर इथे १९१९ मध्ये सुरू झालेली जे. बी. मंघाराम ही कंपनी फाळणीनंतर ग्वाल्हेरला आली. बिस्कीट कोरडे, त्यामुळे डबा उकळायची गरज नाही. घट्ट झाकणाने दमटपणा बाहेर राहिला की झाले. म्हणून काटेकोर अर्थाने हा डबाबंद अन्नाचा कारखाना नव्हे. तरीही देवादिकांची रंगीत चित्रे छापलेले त्याचे डबे या उद्योगाचा मोलाचा पुरावा आहेत. बिस्किटे संपल्यावर त्यांत दिवाळीचा चिवडा-चकली भरली जाई, पुढे सुई-दोरा आणि बटणे. माळ्यावर असा डबा सापडला तर तो राखेने किंवा तारेच्या घासणीने घासू नये. पत्र्यावरची छपाई निघून जाते. कोरड्या मऊ फडक्याने पुसावा आणि झाकणावर, बुडाशी छापलेले नाव-गाव वाचून टिपून ठेवावे.