अंगीकृत नक्की कोण?

गरीब पेशंटच्या मोठ्या आजारांचा खर्च सरकारने उचलायची 1997 ची जीवनदायी योजना खानदेशातल्या डॉक्टरांच्या वाट्याला फारशी आलीच नाही. हृदय, मेंदू, मूत्रपिंड असले मोठे आजार; पेशंट सरळ नाशिक-मुंबईची गाडी धरायचा. सरकारी योजनेशी त्यांची खरी गाठ पडली 2 जुलै 2012 ला. राजीव गांधी जीवनदायी योजनेच्या पहिल्या आठ जिल्ह्यांत धुळं होतं. जळगाव, नंदुरबारचा नंबर नोव्हेंबर 2013 मध्ये लागला. तोवर क्लेम (पैशांची मागणी), पॅकेज (उपचारामागे ठरलेली रक्कम), प्री-ऑथ (उपचाराआधीची मंजुरी) हे शब्द धुळ्यात रुळले होते, आणि त्यांच्यावरचा वैतागही.

सगळा घोळ एका सरकारी शब्दात आहे: ‘अंगीकृत’, म्हणजे योजनेत करार करून घेतलेलं. अंगीकृत होतं ते रुग्णालय, डॉक्टर नव्हे. तालुक्याच्या गावात मात्र रुग्णालय एकाचं, सर्जन दुसरा आणि भूलतज्ज्ञ दिवसाला तीन ठिकाणी बॅग घेऊन फिरणारा. पॅकेजची रक्कम रुग्णालयाच्या खात्यात येते; त्यातच औषधं, जेवण, पेशंटचं परतीचं भाडं. क्लेमवर क्वेरी, म्हणजे शंका, निघाली की पैसे लटकतात, आणि ऑपरेशन तर कधीच उरकलेलं असतं. भूलतज्ज्ञाने मागायचे कोणाकडे? सरकारशी त्याचा करारच नाही. रुग्णालय म्हणतं, वरून आले नाहीत. वरचे म्हणतात, कागद अपुरे. डॉक्टरांना दराची चीड आहे हे खरं. पण माझ्या मते डॉक्टर आणि सरकार यांच्यातला अविश्वास मुरला तो या टोलवाटोलवीत.

सरकारी बाजूलाही संशयाला कारण होतं. खोट्या क्लेमच्या भीतीनेच तर खाटेवरच्या पेशंटचा फोटो मागतात. आरोग्यमित्राच्या, म्हणजे रुग्णालयात बसणाऱ्या योजनेच्या मदतनिसाच्या, टेबलावर केशरी कार्डाच्या झेरॉक्स, शेजारी सलाईन लावलेल्या आजोबांना ‘इकडं बघा बाबा’ म्हणणारा वॉर्डबॉय, आणि हे बघत उभा असलेला सर्जन. आपल्याला चोर समजतात, असं त्याला वाटलं तर नवल नाही.

अविश्वास पेशंट आणि डॉक्टरांतही होता. मार्च 2017 मध्ये धुळ्याच्या शासकीय रुग्णालयात निवासी डॉक्टरला नातेवाइकांनी बेदम मारलं, त्याच्या डोळ्याला गंभीर इजा झाली. राज्यभरचे निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले. डॉक्टरांना मारहाणीविरुद्धचा कायदा तर 2010 पासूनच होता.

त्याच वर्षी एप्रिलपासून योजनेला महात्मा फुल्यांचं नाव मिळालं. पुढे केंद्राची आयुष्मान जोडली गेली, उपचाराच्या खर्चाची मर्यादा दीड लाखाची पाच लाख झाली, केशरी-पिवळ्याच्या जोडीला पांढरं कार्डही आलं. पेशंट वाढले. करार आजही रुग्णालयाशीच होतो.