गृहस्थाश्रम आणि संन्यास (नागपूर-विदर्भाच्या संदर्भात)

गृहस्थाश्रम आणि संन्यास : मोक्षासाठी घर सोडावे लागते की घरात राहूनही तो साधतो, हा हिंदू धर्मविचारातला जुना आणि आजही न मिटलेला वाद. मराठी माणूस तो 'प्रपंच की परमार्थ' अशा शब्दांत मांडतो. नागपूर आणि भोवतालच्या विदर्भात या वादाची बहुतेक सगळी उत्तरे माणसांनी प्रत्यक्ष जगून दाखवली आहेत : महानुभाव पंथाचा कडक संन्यास, वारकऱ्यांची संसारातली भक्ती, घर सोडून गावोगाव झाडू हाती घेणारे गाडगे महाराज, धंतोलीचा रामकृष्ण मठ. घर सोडणाऱ्याच्या मागे जे उरतात त्यांचे काय, हा या वादाचा गाभा आहे आणि नेमकी त्याचीच चर्चा सर्वांत कमी झाली आहे.

ब्रह्मचर्य, गृहस्थ, वानप्रस्थ, संन्यास हे चार आश्रम एकामागून एक घ्यायचे, असे आपण शाळेपासून शिकतो. आरंभी तसे नव्हते. धर्मसूत्रांच्या, म्हणजे आचारनियम सांगणाऱ्या प्राचीन ग्रंथांच्या, काळात ते चार वेगळे पर्याय होते. गुरुगृही अध्ययन झाले की तरुणाने त्यांतला एक निवडून जन्मभर पाळायचा. त्यातही गौतम आणि बौधायन या सूत्रकारांचा कल असा, की खरा आश्रम एकच, गृहस्थाचा. कारण वेदात प्रत्यक्ष विधान त्याचेच आहे. चारांची शिडी पक्की केली ती मनुस्मृतीने. अंगाला सुरकुत्या पडल्या, केस पिकले आणि नातवाचे तोंड पाहिले की मग वनाची वाट धरावी, असे ती सांगते. देव, ऋषी आणि पितर यांची ऋणे न फेडता मोक्षामागे लागणारा अधोगतीला जातो, हेही तिथेच आहे. बाकीचे तिन्ही आश्रम गृहस्थाच्या अन्नावर जगतात म्हणून तो श्रेष्ठ, हा मनूचा युक्तिवाद मला अजूनही बिनतोड वाटतो. जाबालोपनिषद मात्र थेट उलटे बोलते : ज्या दिवशी वैराग्य येईल त्याच दिवशी निघावे, मग तो ब्रह्मचारी असो वा गृहस्थ. ही दोन वचने जुळवण्यात भाष्यकारांची शतके गेली. धर्मशास्त्राची वचने संकलित करणाऱ्या काही निबंधकारांनी तर संन्यास कलियुगात वर्ज्यच ठरवला. शंकराचार्यांच्या परंपरेतल्या मठांनी ते मानले नाही.

मागे राहणाऱ्यांचा प्रश्न प्राचीनांना दिसत होता. बृहदारण्यकोपनिषदातला याज्ञवल्क्य घर सोडायला निघतो, तेव्हा त्याचे पहिले वाक्य आत्म्याविषयी नाही. आपल्या दोन पत्नींपैकी मैत्रेयीला तो म्हणतो, की तुझी आणि कात्यायनीची वाटणी करून देतो. आत्मविद्येचा तो प्रसिद्ध संवाद सुरू होतो मैत्रेयीच्या उलट प्रश्नाने : या धनाने मी अमर होईन का? मैत्रेयी सर्वांना ठाऊक आहे. कात्यायनी काहीच बोलत नाही, आणि तिच्या वाट्याला काय आले हे उपनिषद सांगत नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तर बायकामुलांची तजवीज न करता प्रव्रज्या (घर सोडून संन्यास) घेणाऱ्याला दंड सांगितला आहे. राज्यकर्त्याला महसुलाची आणि शेतीची काळजी होती हे खरे, पण त्या एका नियमाने उपाशी राहू शकणाऱ्या घराची दखल घेतली. मोक्षशास्त्राच्या अनेक ग्रंथांत ती मिळत नाही.

महाभारतात युद्ध संपल्यावर युधिष्ठिर राज्य टाकून वनात जायला निघतो. भाऊ आणि द्रौपदी त्याला अडवतात आणि शांतिपर्वाची सुरुवातच या भांडणाने होते. गीता संन्यास आणि कर्मयोग दोन्ही कल्याणकारक म्हणते, पण त्यांत कर्मयोग सरस ठरवते, आणि फळाची आशा सोडून कर्तव्य करणाऱ्यालाच संन्यासी म्हणते. तिचे उदाहरण कर्म करत राहूनच सिद्धी मिळवणारा राजा जनक. पुढच्या सगळ्या संसारी साधकांनी याच जनकाचा आधार घेतला.

संन्यासाचा विधी पाहिला की त्यातला तुटलेपणा कळतो. घेणारा स्वतःचे श्राद्ध स्वतः करतो, विरजा हा शुद्धीचा होम करतो, शेंडी आणि जानवे टाकतो, 'संन्यास घेतला' असा प्रैष (संन्यासाचे घोषणावाक्य) उच्चारतो आणि दंड-कमंडलू धारण करतो. संन्याशांच्या कुटीचक, बहूदक, हंस आणि परमहंस अशा चढत्या पायऱ्या आहेत. कुटीचक तर घराजवळच झोपडीत राहतो. पावसाळ्यात चातुर्मासासाठी एका जागी, एरवी फिरती. मृत्यूनंतर दहन नाही, भूमीत वा पाण्यात समाधी. मरणाच्या दारात घेतला जाणारा आतुरसंन्यासही शास्त्रमान्य आहे.

महाराष्ट्रात हा वाद एका कुटुंबाच्या दुःखातून पुढे आला. विठ्ठलपंतांनी पत्नी रुक्मिणी आळंदीत असताना काशीला जाऊन संन्यास घेतला. गुरूंना ते विवाहित असल्याचे कळले तेव्हा त्यांनी शिष्याला घरी परत पाठवले. परतलेल्या संन्याशाला आणि त्याच्या निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ता या मुलांना ब्रह्मवृंदाने वाळीत टाकले. १२९० मध्ये ज्ञानेश्वरी सांगणारा तरुण 'संन्याशाचा मुलगा' म्हणून टोमणे सोसलेला होता, हे ध्यानात ठेवून त्याचे कर्मयोगावरचे निरूपण वाचावे. त्यानंतरची वारकरी परंपरा संसार न सोडणाऱ्यांची आहे : पैठणला गिरिजाबाईंसह घर चालवणारे एकनाथ, देहूचे वाणी तुकाराम. लग्नमंडपातून निघून गेल्याची ज्यांची कथा सांगतात त्या रामदासांनीही दासबोधात आधी प्रपंच नेटका करायला सांगितला.

विदर्भात मात्र संन्यासाचा एक फार जुना आणि निराळा प्रवाह आहे. तेराव्या शतकात महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामींनी अनुयायांना एकांत, अटन (सतत फिरणे) आणि भिक्षा सांगितली. ज्या काळात संन्यास हा प्रायः ब्राह्मण पुरुषाचा अधिकार मानला जाई, त्या काळात महानुभावांनी तो स्त्रियांना आणि इतर वर्णांना खुला केला. ऋद्धपूरच्या गोविंदप्रभूंच्या (चक्रधरांच्या गुरूंच्या) सहवासातली महदाईसा ही विधवा होती. समाजाने तिला दिलेल्या जागेपेक्षा ही जागा कितीतरी मोठी होती. स्त्रीसाठी घर सोडणे म्हणजे कोणाला वाऱ्यावर टाकणे नसे. पुष्कळदा तीच वाऱ्यावर असे. घरात राहून पंथ पाळणारा वासनिक आणि भिक्षेवर जगणारा संन्यासी, अशी दोन्ही माणसे या पंथात आजही आहेत.

आधुनिक काळात इथे तिसरा मार्ग निघाला : घर सोडायचे, पण गाव सोडायचे नाही. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे गाडगे महाराज (१८७६–१९५६) बायकोमुले असताना १९०५ मध्ये बाहेर पडले. कीर्तनात त्यांनी कर्ज काढून लग्न करू नका, मुलांना शिकवा, गाव झाडा, हेच सांगितले. घर सोडलेला माणूस आयुष्यभर दुसऱ्यांचे घर सावरत राहिला. मुलाच्या मृत्यूची बातमी आली तरी त्यांनी कीर्तन थांबवले नाही, ही हकिकत विदर्भात आदराने सांगतात. त्यांच्या पत्नी कुंताबाईंचे दुःख सांगणारे फारसे कोणी भेटत नाही. ते सांगायला हवे असे मला मनापासून वाटते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी (१९०९–१९६८) ग्रामगीतेत आश्रमधर्मावर आणि संसार-परमार्थावर स्वतंत्र अध्याय लिहिले. संसार आणि परमार्थ यांत त्यांना भिंत मान्य नव्हती. गावाची सेवा हाच दोन्हींचा दुवा. नागपूर विद्यापीठाला २००५ पासून त्यांचेच नाव आहे. त्यांच्याआधी होऊन गेलेले प्रज्ञाचक्षू (अंध) गुलाबराव महाराज (१८८१–१९१५) विवाहित होते आणि अद्वैताबरोबर मधुराभक्ती, म्हणजे देवाला प्रियकर मानणारी भक्ती, सांगत.

खुद्द नागपुरात धंतोलीचा रामकृष्ण मठ १९२८ चा. तिथे भगवे घातलेले संन्यासी दवाखाना आणि ग्रंथालय चालवतात, तर नोकरी-संसार करणारे लोक मंत्रदीक्षा घेऊन घरी परततात. या रामकृष्ण संघाचे मूळच दुहेरी आहे : रामकृष्णांनी तोतापुरी या संन्याशाकडून संन्यास घेतला, पण पत्नी शारदादेवींना सोडले नाही, आणि त्याच पुढे संन्याशांच्या माता ठरल्या. माधव सदाशिव गोळवलकर १९३६ मध्ये नागपूर सोडून बंगालमधल्या सारगाछीला रामकृष्णांचे शिष्य स्वामी अखंडानंद यांच्याकडे गेले, दीक्षा घेतली आणि गुरूंच्या निधनानंतर परतले. ते पुढे ज्या राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे सरसंघचालक झाले, त्यात भगवे न घालता अविवाहित राहणारा प्रचारक आणि घरसंसार सांभाळणारा कार्यकर्ता अशी विभागणी आजही दिसते. दीक्षाभूमीचा इतिहास हिंदू धर्माबाहेरचा असला तरी या प्रश्नावर तो काही शिकवतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेब आंबेडकरांनी भिक्खू चंद्रमणींकडून धम्मदीक्षा घेतली आणि मग त्यांनी स्वतः, एका गृहस्थाने, लाखो गृहस्थांना दीक्षा दिली.

कायद्यानेही या प्रश्नाची दखल घेतली आहे. जुन्या हिंदू कायद्यात संन्यास म्हणजे नागरी मृत्यू. संन्याशाचा पूर्वाश्रमीच्या कुटुंबातला वारसाहक्क संपे. हिंदू विवाह कायदा, १९५५ नुसार जोडीदाराने धार्मिक पंथात प्रवेश करून संसारत्याग केला, तर दुसऱ्याला घटस्फोट मागता येतो. नुसती भगवी वस्त्रे किंवा मुंडन त्यासाठी पुरत नाही. पंथाचे विधी होऊन संसाराशी नाते खरोखर तुटलेले असावे लागते, अशी न्यायालयांची भूमिका आहे. दत्तकविषयक १९५६ च्या कायद्यातही, जोडीदाराने कायमचा संसारत्याग केला असेल तर त्याच्या संमतीवाचून मूल दत्तक घेता येते. घर सोडून गेलेल्याच्या मागे राहिलेल्या माणसाला पुन्हा लग्न करण्याचा आणि मूल वाढवण्याचा मार्ग या तरतुदींनी मोकळा झाला.