वैद्यकीय गृहभेट (कोल्हापुरातील एकाकी वृद्ध)

एकटे राहणाऱ्या किंवा घराबाहेर पडू न शकणाऱ्या वृद्धांना डॉक्टर, परिचारिका वा आरोग्यसेविकेने घरी जाऊन तपासणे म्हणजे वैद्यकीय गृहभेट. कोल्हापुरात तिला सरळ ‘व्हिजिट’ म्हणतात.

शिवाजी पेठ, मंगळवार पेठेतल्या जुन्या घरांचे जिने अरुंद आणि उभे. गुडघे धरलेल्या आजी महिनोन् महिने खाली उतरत नाहीत. मुलगा पुण्याहून रोज फोन करतो, पण पायाची सूज फोनवर दिसत नाही.

चांगल्या भेटीत रक्तदाब दोनदा मोजतात : आडवे असताना आणि उभे केल्यावर. वरचा आकडा तीन मिनिटांत 20 किंवा जास्त घसरला, तर रात्री बाथरूमला उठताना तोल जाण्याची भीती असते. मधुमेह्याचे तळपाय उलटून पाहावेच लागतात. अंथरुणाला खिळलेल्यांच्या टाचा आणि माकडहाडाजवळची कातडीसुद्धा. मग गोळ्यांचा डबा. बिस्किटांच्या जुन्या डब्यात एकच औषध दोन कंपन्यांच्या नावांनी सापडते आणि आजी दोन्ही गोळ्या इमाने घेत असतात. दवाखान्यात हे कधीच कळले नसते, कारण तिथे त्या फक्त कागद नेतात. स्वयंपाकघरातही डोकवावे. एकटीसाठी काय रांधायचे म्हणून जेवण टाळले आणि साखरेची गोळी मात्र घेतली, तर साखर एकदम उतरू शकते.

राष्ट्रीय वृद्ध आरोग्य सेवा कार्यक्रम 2010-11 मध्ये सुरू झाला. अंथरुणावरच्या वृद्धांना घरी सेवा देणे त्यात अपेक्षित आहे. 2024 पासून सत्तरी ओलांडलेल्यांना आयुष्मान भारतमधून वर्षाला 5 लाखांपर्यंत संरक्षण मिळते, मात्र ते रुग्णालयात दाखल झाल्यावर. दाखल होण्याची वेळ टाळू शकणाऱ्या व्हिजिटची फी खिशातूनच जाते. ही उणीव मोठी आहे. ज्येष्ठांसाठीची 14567 हेल्पलाइन माहिती आणि आधार देते. अत्यवस्थ असल्यास 108.

पावसाळ्याचे गणित निराळे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43; 2019 साली पाणी 55 फुटांपुढे गेले. सुतारवाडा, शुक्रवार पेठेसारख्या नदीकाठच्या भागात जूनमधल्या भेटीतच गोळ्या मोजून निदान पंधरा दिवसांची भर घालून ठेवावी. दाराची दुसरी किल्ली कोणत्या शेजाऱ्याकडे आहे, हेही त्याच वेळी वहीत लिहून घ्यावे.